मिस्टर ग्रेडींचं हाड

वर्नाला जुळं झालं ते वर्ष, म्हणजे १९८४. जानेवारीच्या नऊ तारखेला बर्मिंगहॅमच्या इस्पितळात हॉलिस ट्रॅमलच्या थोरल्या मुलीला पहाटे एक मुलगी झाली, आणि डॉक्टर हात धुवायला वळतात तोच दुसरी. अकरा तारखेला आर्डिथने, म्हणजे हॉलिसच्या बायकोने, बॅग भरली, फ्रीजवर एक कागद चिकटवला आणि सहा आठवड्यांसाठी ती लेकीकडे निघून गेली. कागदावर चार कलमं होती. कुत्र्याला वेळेवर खायला घालणे. नळ गोठू न देणे. शेजारच्या ओपल कँट्रेलशी कुंपणापाशी उभं राहून घरातलं काही न बोलणे. आणि रोज संध्याकाळी डॅडींना जेवण नेऊन देणे.

नळाचं कलम हॉलिसला जरा लागलं. काउंटीच्या पाणीखात्यात तो सव्वीस वर्षं बिलाच्या खिडकीवर बसत होता. अख्ख्या काउंटीला नळ कसे सांभाळावेत हे सांगणारा माणूस, आणि त्याच्याच फ्रीजवर ही सूचना! पण त्याने ती पाळली. पहिली तिन्ही पाळली. सगळा घोटाळा चौथ्या कलमातून झाला.

डॅडी म्हणजे मिस्टर ग्रेडी लॅशली, हॉलिसचे सासरे. लग्नाला तीस वर्षं होऊनही हॉलिसच्या तोंडी ‘मिस्टर ग्रेडी’च होतं, आणि ते त्याला हाक मारत ‘पाणीखातं’. वय त्र्याऐंशीला टेकलेलं. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी टाकी, खिडकीशी खुर्ची. एके काळी अलाबामाच्या त्या डोंगराळ भागात टर्की बोलवावी, म्हणजे मादीची हाक काढून रानातला नर शिकारीसाठी जवळ आणावा, तर मिस्टर ग्रेडींनी, असा लौकिक होता. साठच्या पुढचा कोणीही भेटला की त्याने मिस्टर ग्रेडींना टर्की बोलावताना ऐकलेलं असे. ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही ऐकल्याचं सांगत, कारण नाही म्हणायची लाज वाटे.

बोलवायचे ते हाडाने. टर्कीच्या मादीच्या पंखातली तीन हाडं, बारीक हाड मधल्यात आणि मधलं जाड्यात बसवून, सांधे दोऱ्याने गुंडाळलेले. वीतभर लांब, पिवळं, बारक्या पिपाणीसारखं. मिस्टर ग्रेडींच्या वडिलांनी ते १९०८ साली केलं होतं आणि त्यावर बाजूने तीन खाचा होत्या. त्या खाचांचा अर्थ पेट्रोल पंपावर बसणारं पोरही सांगे: तीनदा बोलवायचं, आणि हाड खिशात टाकून गप्प बसायचं. चौथ्यांदा बोलावलं की नराला संशय येतो. मादी एवढी मागे लागत नाही, असं नराचं मत असतं.

तर जानेवारीच्या एका संध्याकाळी हॉलिस राजमा आणि कॉर्नब्रेड घेऊन गेला. मिस्टर ग्रेडींनी ताट बाजूला सारलं आणि त्याच्या हातावर ते हाड ठेवलं.

“ओढ,” ते म्हणाले.

हॉलिसने फुंकलं.

“ओढ म्हटलं मी. फुंकतोस काय? वाढदिवस आहे का कोणाचा?”

हॉलिसने ओढलं. काहीच आवाज आला नाही. फक्त धूळ आत गेली आणि तो पाच मिनिटं खोकला. मिस्टर ग्रेडी त्याच्याकडे हेव्याने बघत राहिले. एवढं मोकळं खोकायलाही त्यांना आता जमत नव्हतं.

“ऐक, पाणीखातं,” ते नळीतून दम घेत घेत म्हणाले. “हे हाड श्वास आत ओढून वाजतं. आणि मला तेच तेवढं जमत नाही. डॉक्टर म्हणतात उन्हाळा काही दिसायचा नाही. नको दिसू दे, अलाबामाचा उन्हाळा मी पुष्कळ बघितलाय. पण वीस मार्चला शिकारीचा हंगाम सुरू होतो. मिल रिजवर जाऊन मला एकदा नराचं उत्तर ऐकायचंय. पंपवाल्या डूईच्या त्या लाकडी खेळण्याला नाही. माझ्या हाडाला. मुलगा मला नाही. तू आहेस, ते मी चालवून घेतो.”

तीस वर्षांत मिस्टर ग्रेडी हॉलिसशी एवढं सलग कधी बोलले नव्हते. हॉलिस म्हणाला, “हो, सर.” आणि घरी येताना गाडीत त्याच्या लक्षात आलं, की वीस मार्चला अडुसष्ट दिवस उरलेत.

हाड वाजवायला शिकणं म्हणजे पापी घ्यायला शिकणं. हे मिस्टर ग्रेडींनीच सांगितलं. ओठ घट्ट चंबूसारखे करायचे, हाडाचं टोक त्यांच्या मधोमध धरायचं आणि झटकन आत ओढायचं.

“आजीच्या गालाची घेतोस तशी नाही,” ते म्हणाले. “बायकोची घेतोस तशी.”

“आर्डिथ बर्मिंगहॅमला आहे.”

“मग आठवून घे.” जरा वेळाने ते पुन्हा म्हणाले, “माझी मुलगी आहे ती. फार आठवू नकोस.”

हॉलिस रोज रात्रीचं जेवण आटोपून गॅरेजमध्ये जाऊन बसू लागला. पहिले दोन आठवडे हाड बोललंच नाही. नुसत्या पाप्या. एकामागून एक, तास दीड तास. गॅरेजची भिंत आणि ओपल कँट्रेलची स्वयंपाकघराची खिडकी यांच्यात अंतर किती, तर पाणीखात्याच्या नकाशाप्रमाणे अकरा फूट. आणि हॉलिसने तिसरं कलम इतकं काटेकोर पाळलेलं, की ओपल कुंपणाशी दिसली की तो मान खाली घालून आत पळे. बायको गावाला, नवरा बोलायचं टाळतोय, आणि गॅरेजमधून रोज रात्री पाप्यांचे आवाज. ओपल विधवा होती, मुलं लांब होती, टीव्ही बिघडला होता. तिने बर्मिंगहॅमला फोन केला.

शनिवारी दुपारी गॅरेजचं दार धाडकन उघडलं. आर्डिथ दारात उभी. अंगात कोट, काखेत पर्स, गाडीचं इंजिन मागे चालूच. आत हॉलिस घडीच्या खुर्चीवर डोळे मिटून, ओठांचा चंबू करून.

तिने गॅरेजचे चारही कोपरे नीट पाहिले. कापणीयंत्राच्या मागेही पाहिलं.

“डॅडींचं हाड आहे का ते?”

“हो.”

“ओपल म्हणाली, आतली बाई दमलेली वाटते.”

“मीच दमलोय,” हॉलिस म्हणाला.

आर्डिथ खाली पायरीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता कधी रडू लागली ते हॉलिसला कळलं नाही. वडिलांनी हाड दुसऱ्याच्या हातात दिलं याचा अर्थ तिला न सांगताच समजला होता. ती मग बर्मिंगहॅमला परत गेली नाही. जुळ्यांना त्यांची दुसरी आजी होती.

फेब्रुवारीत हाडाने पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘क्योक’ असा एकच आवाज आला. कुत्रा दचकून उभा राहिला. हॉलिस त्याहून जास्त दचकला. महिनाअखेरीस त्याला एकापाठोपाठ तीन ‘क्योक’ जमू लागले, आणि मिस्टर ग्रेडींनी डोळे मिटून ऐकून निकाल दिला: “मादी आहे. आजारी आहे, पण मादी आहे.”

गावाला एव्हाना सगळं कळलं होतं. पाणीखात्याच्या खिडकीवर लोक बिल भरायला येत आणि सल्ला भरून जात. कोणी म्हणे ओठांना चरबी लाव, कोणी म्हणे उपाशीपोटी ओढ. डूई स्टब्जने, ज्याचा गावात पेट्रोल पंप होता, आपला ट्रंपेट आणून दाखवला. ट्रंपेट म्हणजे तीच तऱ्हा, पण हाडाऐवजी लेथवर घडवलेलं काळं लाकूड, ओठ टेकायला चकती, टोकाला पितळी कडं. “हे घे, हॉलिस,” डूई म्हणाला, “याला कोणीही वाजवू शकतं.” हॉलिसला तो ‘कोणीही’ टोचला. त्याने ट्रंपेट घेतला नाही.

मिस्टर ग्रेडींचा स्वतःचा सल्ला एकच होता: हाड थंड पडू द्यायचं नाही, कायम अंगाशी ठेवायचं. म्हणून हॉलिस ते पॅंटच्या मागच्या खिशात ठेवी. घरात, खिडकीवर, आणि रविवारी चर्चमध्येही.

चार मार्चच्या रविवारी चर्चमध्ये तीन भजनं झाली. आमच्याकडे भजनाला उभं राहायचं आणि संपलं की बसायचं. पहिल्या दोन वेळा हॉलिस जपून, डाव्या अंगावर बसला. तिसऱ्या भजनाला त्याचा सूर चांगला लागला होता. त्या समाधानात तो सरळ बसला.

फार मोठा आवाज झाला नाही. पुढच्या बाकावरच्या दोन टोप्या वळल्या इतकाच. आर्डिथने समोर पाहत हळूच विचारलं, “बरगडी होती का?”

“नाही.”

“बरगडी असती तर बरं झालं असतं,” आर्डिथ म्हणाली.

घरी येऊन त्यांनी खिसा स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकामा केला. अकरा तुकडे. हॉलिसने डिंक काढला, आर्डिथने डिंक त्याच्या हातातून काढून घेतला. शहात्तर वर्षांचं हाड. त्यावर माणसाने मरण लांबवून धरलेलं. आणि वीस मार्चला सोळा दिवस.

“डॅडींना सांगायचं कोणी?” हॉलिसने विचारलं.

“कोणीच नाही,” आर्डिथ म्हणाली. “त्यांचा श्वास तेवढ्यावर चाललाय.”

त्या संध्याकाळी हॉलिस डूईच्या पंपावर गेला आणि मान खाली घालून म्हणाला, “तो ट्रंपेट दे बघू जरा.” डूईने दिला. तोही विजयी मुद्रेने, आणि चार गिऱ्हाइकांसमोर.

मिस्टर ग्रेडींच्या खुर्चीमागे उभा राहून हॉलिसने ट्रंपेट ओढला. खरं सांगायचं तर फारच छान वाजला. तीन भरदार ‘क्योक’. ऑक्सिजनची टाकी सूं सूं करत राहिली. मिस्टर ग्रेडी खिडकीबाहेरच बघत होते.

“लाकूड,” ते म्हणाले.

हॉलिसने ट्रंपेट खाली केला. “डूईचं आहे. म्हटलं हाडाला जरा विश्रांती...”

“ती मादी १९०८ साली मेली. तिची विश्रांती झाली आहे. हाड कुठाय?”

“घरी. टेबलावर.” हे खोटं नव्हतं.

“पुढच्या रविवारी घेऊन ये. बघायचंय मला.”

पुढचा रविवार सर्दी झाली म्हणून टळला. पण अठराचा रविवार टळणं शक्य नव्हतं. नवं हाड करायचं, तर मादी हवी; नराची हाडं जाड असतात, आवाज घोगरा येतो. आणि अलाबामात मादी मारणं कायद्याने बंद. पाळीव टर्कीची हाडं दुकानात मिळत, पण ती बिचारी आयुष्यात उडालेली नसते. तिच्या पंखात आवाज कुठून येणार? हॉलिसने एक करून पाहिलं. त्यातून जो आवाज आला तो ऐकून आर्डिथ म्हणाली, “नळ दुरुस्त कर.”

आणि तेरा तारखेला, कामावरून परत येताना, ओढ्याच्या पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला त्याला ती दिसली. रानातली मादी. कोणत्यातरी लाकडं नेणाऱ्या ट्रकने तिला उडवलं होतं. अर्धी सपाट, पण पंख शाबूत. हॉलिसने आजूबाजूला पाहिलं, गाडी थांबवली आणि तिला उचलून मागे टाकलं. गाडी पाणीखात्याची होती.

अर्ध्या मैलावर मागे निळा दिवा लागला. शिकार खात्याचा वॉर्डन टॉलिव्हर. उंच, सावकाश बोलणारा, चर्चमध्ये दोन बाक पुढे बसणारा.

“मिस्टर हॉलिस.”

“वॉर्डन.”

“मागे मादी दिसतेय.”

“मेलेली होती. रस्त्यावर.”

“तसंच दिसतंय. हंगाम नाही, मादी आहे, आणि गाडी सरकारी.” त्याने वही काढली. “कशासाठी घेतली?”

इथे हॉलिसच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. पण टॉलिव्हरला सांगणं म्हणजे टॉलिव्हरच्या बायकोला सांगणं, तिला सांगणं म्हणजे ओपलला, आणि ओपलला सांगितलेलं मिस्टर ग्रेडींच्या खिडकीपर्यंत पोचायला फार तर एक तास.

“खायला,” तो म्हणाला.

टॉलिव्हरने मादीकडे पाहिलं. मग हॉलिसकडे पाहिलं. मग पुन्हा मादीकडे, जरा जास्त वेळ.

“ही?”

“चव असते त्यांना,” हॉलिस म्हणाला.

टॉलिव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं. दंड त्याने केला नाही. पण परवाना हवा, तो चाळीस मैलांवरच्या जिल्हा कचेरीत मिळणार, आणि पक्षी समक्ष दाखवावा लागणार. दुसऱ्या दिवशी हॉलिस अर्धी रजा टाकून, मादी बर्फाच्या पेटीत घालून, तिकडे गेला. तिथल्या बाईंनी तीन प्रती भरायला दिल्या. पक्षी सापडल्याची जागा. पक्ष्याचं वय, माहीत असल्यास. उद्देश. उद्देशापुढे दोनच चौकोन होते: ‘शिक्षण’ आणि ‘अन्न’. शिक्षणाला शाळेच्या मुख्याध्यापकांची सही लागे. हॉलिसने अन्नापुढे खूण केली. बाईंनी ती वाचली, चष्म्यावरून त्याच्या चांगल्या कोटाकडे आणि टायकडे पाहिलं, आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, “चर्चतर्फे धान्य मिळतं हो. लाज वाटून घेऊ नका.” शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले होते. ते दोन तासांनी आले. पेटीतलं बर्फ तोवर बाकावरून जमिनीवर आलं होतं.

सव्वीस वर्षं ज्या माणसाने लोकांना ‘बिल थकलं तर पाणी तोडू’ असं सभ्य भाषेत सांगितलं, त्याच्या दारात त्या संध्याकाळपासून झाकलेली भांडी येऊ लागली. पहिलं ओपलचं. “कोंबडी आहे,” ती हॉलिसचा हात हातात घेऊन म्हणाली. “ताजी. दुकानातली. मी काही विचारणार नाही.” मग टॉलिव्हरच्या बायकोची भाताची कढई. मग चर्चमधल्या बायकांचा एक अख्खा हॅम. डूईने गुपचूप हॉलिसच्या गाडीत पेट्रोल भरलं. हॉलिसने प्रत्येकाला धन्यवाद दिले. दुसरं काय करणार? आर्डिथ मात्र हॅम चिरताना म्हणाली, “आणखी थोडे दिवस टर्कीवर निभावलं, तर छप्पर नवं होईल.”

हाडं तिने आपल्या जॅमच्या पातेल्यात उकळली. हॉलिसने मज्जा काढली, टोकं घासली, एकात एक बसवली, सांधे दोऱ्याने गुंडाळले. नवं हाड पांढरंशुभ्र दिसलं, खोट्या दातासारखं. शहात्तर वर्षांचा पिवळेपणा आणायचा कसा? दोन दिवस ते कडक कॉफीत बुडवून ठेवलं. आणि शेवटी, जुने तुकडे भिंगाखाली धरून, श्वास रोखून, हॉलिसने चाकूने तीन खाचा पाडल्या. तेवढ्याच लांब, तेवढ्याच तिरक्या. आर्डिथने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

मग ओढून पाहिलं. क्योक, क्योक, क्योक. कुत्रा उठून दाराशी गेला आणि बाहेर शोधू लागला.

अठरा तारखेला मिस्टर ग्रेडींनी हाड हातात घेतलं. फिरवलं. बोट तीन खाचांवरून फिरवलं. हॉलिस आणि आर्डिथ भिंतीला टेकून उभे, जणू गोळी घालायला उभं केलंय. घड्याळ वाजत होतं, टाकी सुसकारत होती. मिस्टर ग्रेडींनी हाड नाकाशी नेलं, परत आणलं आणि हॉलिसला दिलं.

“मंगळवारी पहाटे चार वाजता ये,” ते म्हणाले. “बंदूक नको. मला फक्त ऐकायचंय.”

मंगळवारची रजा मिळणं हाही एक प्रकार झाला. पाणीखात्याच्या अर्जावर हॉलिसने ‘सासऱ्यांची प्रकृती’ लिहिलं; साहेबांनी डॉक्टरचा दाखला मागितला. डॉक्टर स्वतः शिकारी. त्यांनी लिहून दिलं: रुग्णास मोकळ्या हवेची गरज आहे. मिल रिज, पूर्वेचा उतार. उत्तरेकडे मी बसणार आहे. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, सही केली, आणि स्वतःसाठी कुठला उतार मोकळा आहे ते विचारलं.

वीस मार्चला पहाटे हॉलिसने मिस्टर ग्रेडींना उचलून गाडीत ठेवलं. माणूस उचलतोय की कोट, कळेना. लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेपर्यंत गाडी गेली. पुढे दोनशे पावलं हातगाडीतून. हातगाडीत मिस्टर ग्रेडी, मांडीवर टाकी. चाक कुरकुरू नये म्हणून आर्डिथने आदल्या दिवशी चरबीने माखलं होतं. ती बरोबर आली होती, पण मोटारीतच थांबली.

एका जाड ओकच्या बुंध्याशी त्यांनी ठाण मांडलं. झुंजूमुंजू होत होतं. मिस्टर ग्रेडींनी टाकीची चावी जवळजवळ बंद केली, सुसकारा ऐकू येऊ नये म्हणून. हॉलिसने हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. त्यांचे ओठ निळसर दिसू लागले होते. त्यांनी डोळ्यांनी खूण केली: आता.

हॉलिसने हाड ओठांना लावलं. तोंड कोरडं ठाक. पहिल्या ओढीला काहीच आलं नाही, नुसती हवा. मिस्टर ग्रेडींनी डोळे मिटून घेतले. हॉलिसला त्या क्षणी वाटलं, हा माणूस आता इथेच, आपल्या समोर, काहीही न ऐकता जाणार. त्याने जीभ ओठांवरून फिरवली आणि पुन्हा ओढलं.

क्योक. क्योक. क्योक.

दरीपलीकडून उत्तर आलं. हॉलिसला प्रथम वाटलं कुठेतरी पाइपमध्ये हवा अडकली. तुंबलेला नळ सुटताना बोलतो तसा तो आवाज, पण डोंगराएवढा. मिस्टर ग्रेडींचं एक बोट वर झालं. एक.

हॉलिसने हाड खिशात टाकलं. शर्टाच्या खिशात. दहा मिनिटं गेली. पुन्हा आवाज, या वेळी दरीच्या अलीकडे. दुसरं बोट. मग तिसरं, चौथं. पाचवं. पानं खरखरली. साठ पावलांवर, झाडांमधून, तो दिसला: लाल मान, पिसारा फुललेला, शेपटी पंख्यासारखी, लग्नाला निघाल्यासारखा. मिस्टर ग्रेडींना दिसत होतं की नाही कोण जाणे. पण त्यांचा चेहरा आवाजाकडे वळला होता आणि दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर होती.

नर थांबला. मान उंचावून इकडेतिकडे पाहू लागला. हॉलिसला राहवलं नाही. आणखी एकदा. जवळ आला तर म्हाताऱ्याला नीट ऐकू येईल, अगदी कानाशी. त्याने हळूच हाड काढलं आणि चौथ्यांदा ओढलं.

नराने पिसारा मिटला. हॉलिसच्या दिशेने एकदा असं पाहिलं, की खिडकीवर बिल जास्त आलं म्हणून भांडायला येणाऱ्या बायकाही तसं पाहत नसत. आणि वळून निघून गेला.

मग मिस्टर ग्रेडींनी टाकीची चावी उघडली आणि चार-पाच श्वास घेतले.

“तीन,” ते म्हणाले. “मी तीन म्हटलं होतं.”

“हो, सर.”

“सात वेळा बोलला.”

“हो, सर. सात.”

“हाड दे.” हॉलिसने दिलं. मिस्टर ग्रेडींनी ते नाकाखाली धरलं. “किती दिवस कॉफीत ठेवलं होतंस?”

हॉलिस पानांवर बसला. या वेळी त्याच्या मागच्या खिशात काही नव्हतं.

“दोन दिवस,” तो म्हणाला.

“कॉफीचा वास जात नाही. मी चहा वापरला होता. तीन आठवडे.” ते दम घेऊ लागले. “माझ्या डॅडींच्या हाडावर मी बसलो ते १९२९ साली. चर्चमध्ये नाही, खेचरावर; पुढच्या बाकावरच्या टोप्या मलाही भेटायला येतात. तू मोडलंस ते मी केलेलं होतं.”

“आणि खाचा?” हॉलिसने विचारलं. “तीन खाचा?”

“चाकू घसरला. तीनदा.”

पेट्रोल पंपावरचं ते पोर, अख्खी काउंटी, भिंगाखाली धरलेला आपला श्वास, सगळं हॉलिसच्या डोळ्यांपुढून गेलं.

“डॅडींनी ते हाड पुढे नऊ वर्षं ओढलं,” मिस्टर ग्रेडी म्हणाले. “एक शब्द बोलले नाहीत. रोज वाटायचं, आज विचारतील. मग अडतीस साली गेलेच. त्यांना कळलं होतं की नव्हतं, अजून मला माहीत नाही. असं कोणाच्या डोक्यावर ठेवून जाऊ नये. म्हणून तुला सांगतोय. मला रविवारीच कळलं होतं.”

त्यांनी हाड हॉलिसच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून दोनदा थोपटलं.

“आता हातगाडी आण, पाणीखातं. थंडी वाजतेय. आणि आर्डिथला सांग, ओपलचा हॅम असेल तर मला थोडा खायचाय.”

“हॅम ओपलचा नाही, चर्चचा.”

“तुझ्या गरिबीचं बघायला हवं काहीतरी,” मिस्टर ग्रेडी म्हणाले.

त्यांनी दोन काप खाल्ले, कॉर्नब्रेडबरोबर. ते हाड अजून हॉलिसकडे आहे. पावसाळी हवेत त्याला किंचित कॉफीचा वास येतो.

मिस्टर ग्रेडी लॅशली सोमवारी, ९ एप्रिल १९८४ रोजी, सकाळी सव्वासहा वाजता आपल्या खिडकीशी, खुर्चीत वारले.